पिकअपला जॅक लावण्याआधी

पिकअपचं मागचं टायर बसलं की हात आधी सीटखालच्या जॅककडे जातो. माझाही जायचा. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरून वाशीला जायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा. एका पहाटे ओतूरच्या पुढे मागचं डावं टायर बसलं. रस्ता दिसायला सपाट, पण पुढच्या बाजूला किंचित उतार होता. गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि जॅक लावला. चाक जमिनीपासून चार बोटं सुटलं आणि गाडी वीतभर पुढे सरकली. जॅक तिरका झाला, एक्सल त्याच्या डोक्यावरून घसरता घसरता राहिला. नट काढले नव्हते, म्हणून गाडी परत चाकावर बसली.

घरी येऊन मिस्त्रीला विचारलं तेव्हा कळलं. आपल्या गाडीला इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. एक मागचं चाक हवेत गेलं की गिअरची पकड संपली. जमिनीवरचं चाक पुढे फिरू लागलं की हवेतलं उलटं फिरतं, डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मध्ये बसवलेला, दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा गोळा, त्याला वाट करून देतो. हँडब्रेकही मागच्याच दोन चाकांना, आणि त्यातलं एक अधांतरी. म्हणजे एवढी गाडी जमिनीवरच्या एका चाकाच्या ब्रेकवर उभी, आणि त्याची केबल सैल असेल तर तेही नाही.

म्हणून माझ्या तयारीत जॅकच्या आधी ठोकळे येतात. बाभळीचे दोन, पाचरीसारखे कापलेले, वीतभर उंच, दोरीने एकमेकांना बांधलेले. दोरी यासाठी की घाईत एक काढला की दुसराही हाताशी येतो, रस्त्यात मागे राहत नाही. मागचं चाक उचलायचं असेल तर ठोकळे पुढच्या चाकांना, उताराच्या बाजूने, पायाने ठोकून घट्ट बसवायचे. पुढचं उचलायचं असेल तर मागच्यांना. रस्त्यावरचा गोल धोंडा चालत नाही, तो चाकाबरोबर लोळतो.

दुसरी वस्तू फळी. फूटभर लांब-रुंद आणि दीड इंच जाडीची. पावसाळ्यात साईडपट्टीचा मुरूम इतका मऊ असतो की भरलेल्या गाडीखाली जॅकचं बूड खाली जातं, गाडी मात्र वर येत नाही. वैशाखात भर दुपारी डांबरही तेच करतं. फरशीचा तुकडा घेऊ नका, वजन आलं की फुटतो.

आता जॅक. कंपनीकडून आलेला जॅक चांगला असतो, फक्त त्याची आठवण वर्षानुवर्षं कुणी काढत नाही. माझा तेलाचा आहे. तो सीटखाली आडवा पडून राहिला की तेल झिरपतं, आत हवा धरते आणि ऐन वेळी दांडा नुसता खालीवर होतो. उभा बांधून ठेवा. हवा धरलीच असेल तर बुडाजवळचा स्क्रू सैल करून, वजन न लावता, आठ-दहा वेळा दांडा मारा आणि स्क्रू परत घट्ट करा. तुमचा स्क्रूचा असेल तर आट्यांना ग्रीस लावा. दांड्याचे तुकडे मोजून घ्या, बहुधा एखादा कुणी मागून नेलेला असतो. जॅकवर टनाचा आकडा असतो, तोही वाचा. ७५ कॅरेट, प्रत्येकी २० किलो धरले तर दीड टन माल झाला, वर गाडीचं स्वतःचं वजन. जॅकला सगळी गाडी उचलायची नसते हे खरं, पण भरलेल्या पिकअपचा मोठा भार मागच्या एक्सलवरच असतो. पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीच्या कागदांवर मंजूर वजनापेक्षा, जास्त माल भरणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच करावा.

पाना, नट सोडवायला दोन फुटी पाइप, डोक्याला बांधायची बॅटरी, चमकणारं जाकीट, लाल त्रिकोण. यात समजावण्यासारखं काही नाही, फक्त ते गाडीत असावं. पाइप सोडवण्यापुरताच. कसताना पाइप घालून लोंबकळलं तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो, मग पुढच्या पंक्चरला तो हातात येतो.

सगळं जमवलं की एक रविवार द्या. अंगणात रिकामी गाडी उभी करून मागच्या चाकाची हवा पूर्ण सोडा आणि जॅक घालून बघा. टायर बसल्यावर एक्सल इतका खाली येतो की जॅक खाली जातच नाही, हे मला असंच कळलं. तेव्हापासून दोन इंच जाडीची एक लांब फळी जास्तीची ठेवतो. बसलेलं चाक हळूच तिच्यावर चढवलं की जॅकपुरती जागा होते. उलटी अडचण वर गेल्यावर येते. बसलेलं टायर निघतं, पण हवा भरलेली स्टेपनी त्याच उंचीत बसत नाही, आणखी उचलावं लागतं. जॅक कुठे लावायचा ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रावरून बघा आणि त्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका मारून ठेवा. मागे तो एक्सलच्या नळीला, चाकाजवळ लागतो. मधल्या गोल डिफरन्शियलखाली नाही. माझ्या पुतण्याला हे ठिपके म्हणजे पोरखेळ वाटायचा. रात्री अडीच वाजता पावसात वाकून बघेपर्यंत.

रस्त्यावर थांबायची वेळ आली तर आधी जागा. उतारावर जॅक लावण्यापेक्षा बसलेल्या टायरवर शंभर-दोनशे मीटर रांगत सपाटीला जा. टायर जाईल, जाऊ द्या. क्लीनरसकट सगळ्यांना खाली उतरवा, त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवा. मग स्टेपनी काढा, जॅक लावायच्या आधी. ती हौद्याखाली टांगलेली असेल आणि साखळी गंजलेली असेल तर माणूस खाली सरपटतो, आणि उचललेल्या गाडीखाली सरपटायचं नसतं. नटही चाक जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा सैल करायचे. हवेत चाक नुसतं फिरतं आणि पान्याला दिलेला झटका जॅकला बसतो.

उचलताना थोडं उचला, थांबा, जॅक सरळ आहे का बघा, मग पुढे. चाक निघालं की हात आत घालण्याआधी ते काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवा. स्टेपनी चढवून नट हाताने बसले की ते ओढून घ्यायचं. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर बसते. गाडीखाली झोपून काम करायचं असेल तर मात्र ते गॅरेजमध्ये, घोडीवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर. कंपनीचा जॅक चाक बदलण्यापुरता आहे.

उतरवताना तेलाच्या जॅकचा स्क्रू एकदम सोडू नका, पाव आट्याने गाडी सावकाश बसते. नट एक सोडून एक कसा. ठोकळे सर्वांत शेवटी निघतात. मी मुरबाडला चहाला थांबतो तेव्हा पाना घेऊन नट पुन्हा एकदा बघतो. बहुतेक वेळा एखादा पाव आटा घेतोच.