डिजिटल गेजने टायरची हवा तपासताना या चुका टाळा

डिजिटल गेजवर 32.5 असा आकडा उमटला की तो शंभर टक्के खरा मानण्याकडे आपला कल असतो. पण दशांश चिन्हापुढचा अंक म्हणजे अचूकता नव्हे. 0.1 पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) फरक दाखवणाऱ्या गेजमध्येही एखाद्या पीएसआयची चूक असू शकते, आणि तिच्याहून मोठी चूक बहुधा मोजणाऱ्याच्या हातून होते.

सर्वांत महागात पडते ते तापलेल्या टायरचे माप प्रमाण मानणे. गाडी चालली की टायरमधली हवा तापते आणि दाब 4 ते 5 पीएसआयने सहज वाढतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असते, त्यावरचा आकडा मात्र थंड टायरचा, म्हणजे किमान 3 तास उभ्या असलेल्या गाडीचा असतो. महामार्गावरून आल्यावर 37 दिसले म्हणून हवा सोडून 33 केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर 29 च्या आसपास सापडेल. यावर उपाय सोपा आहे. सकाळी घरीच माप लिहून घ्यावे. 30 निघाले आणि 33 हवे असतील, तर तूट 3 ची. पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत ते 32 झाले असले, तरी त्यात 3 मिळवून 35 भरावे. मोजताना दोन्ही वेळा आपलेच गेज वापरावे, पंपावरचे नव्हे.

गाडीची एक बाजू उन्हात असेल, तर त्या बाजूचे टायर अधिक दाब दाखवतात. तापमानातल्या दर 10 अंश सेल्सिअसमागे साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. त्यामुळे मे महिन्यात नीट भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी दिसली, तर लगेच पंक्चरवाल्याकडे धावण्याचे कारण नाही. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, ती गाठायची नसते.

गेज वॉल्व्हवर तिरके बसले की हवा फुसफुसत निसटते आणि आकडा कमी येतो. ते सरळ, एका दमात दाबावे आणि तीनदा मोजावे. मापे अर्ध्या पीएसआयपेक्षा जास्त हलत असतील, तर पकड चुकते आहे. पडद्यावर 2.3 दिसले, तर गेज बिघडलेले नसून एकक बदलून बार झालेले असते (1 बार म्हणजे 14.5 पीएसआय). टायरला लावण्याआधीच शून्याऐवजी भलताच आकडा दिसत असेल, तर गेज बंद करून मोकळ्या हवेत पुन्हा सुरू करावे. अंक फिके पडले असल्यास सेल बदलावा.

माप घेतल्यानंतर वॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडे आले तर आतली पिन सैल किंवा खराब आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत कितीही अचूक भरलेली हवा टिकणार नाही. स्टेपनी मोजायला विसरू नये. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल, तर तिच्यावर बहुधा 60 पीएसआय लिहिलेले असते, आणि तिथे 33 भरणे ही चूकच ठरते.