लिनक्स कर्नल आणि टीसीपी: ‘सेंड सक्सेस’ बघून फसू नका, या चुका टाळा

सर्व्हर स्लो झाला की पहिली शिवी नेटवर्कला बसते. नेटवर्कवाला म्हणतो पिंग तर मस्त येतोय, तुमचं ॲप बघा, ॲपवाला म्हणतो माझ्या लॉगमध्ये सेंड सक्सेस आहे, आणि दोघांच्या मधे जो बसलाय त्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कोणी काही विचारतच नाही. खरं तर टीसीपीचं, म्हणजे दोन मशीनमध्ये डेटा क्रमाने आणि न गळता पोचवायच्या पद्धतीचं, जवळपास सगळं काम तोच करतो, हँडशेक (कनेक्शन जुळवणं), पॅकेटला नंबर लावणं, हरवलेलं परत पाठवणं, समोरच्याला झेपेल एवढंच सोडणं. आपला प्रोग्राम फक्त सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, उघडतो आणि त्यात वाचतो-लिहितो. ही सॉकेटची पद्धत 1983 साली बर्कलीच्या 4.2 बीएसडी युनिक्समधून आली, आणि आज तुम्ही जावा लिहा, पायथन लिहा नाहीतर नोड, लिनक्सवर खाली तेच कॉल होतात. म्हणून चुकाही सगळीकडे त्याच त्याच.

आधी पिंगचं, म्हणजे मशीन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या छोट्या पॅकेटचं, बघू. पिंगला उत्तर कर्नल देतो, तुमचं ॲप हँग झालेलं असो की बंद पडलेलं असो, पिंग येत राहणार. त्याहून गंमत म्हणजे कनेक्शन जुळवणं हेसुद्धा ॲपचं काम नाहीये, एकदा लिसन कॉल केला की तीन पॅकेटचा हँडशेक कर्नल स्वतःच उरकतो आणि तयार कनेक्शन एका क्यूमध्ये ठेवून देतो, ॲपने ॲक्सेप्ट केलं नसलं तरी समोरच्याला कनेक्टेड दिसतं. त्यामुळे टेलनेटने पोर्ट लागतोय म्हणजे सर्व्हिस चालू आहे असं धरून चालू नका. कर्नल जिवंत आहे आणि कुठल्यातरी प्रोसेसने लिसनचा सॉकेट उघडा ठेवलाय, त्यातून एवढंच कळतं.

सेंड झालं म्हणजे पोचलं नाही

सेंडने 5000 परत दिलं म्हणजे 5000 बाइट कर्नलच्या सेंड बफरमध्ये, म्हणजे पाठवायच्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यात, कॉपी झाले, बस्स. एसटीच्या पार्सल ऑफिसात पावती मिळाली म्हणून गाठोडं गावी पोचलं असं कोणी समजत नाही, पण कोडमध्ये मात्र ही पावती बघून लोक डेटाबेसमध्ये ‘डिलिव्हर्ड’ लिहून मोकळे होतात. टीसीपीची पोच आली तरी ती समोरच्या कर्नलने दिलेली असते, समोरच्या ॲपने डेटा वाचलाय का हे त्यातून कळत नाही. पैशाचा, ऑर्डरचा व्यवहार असेल तर समोरच्या ॲपकडून स्वतःचं वेगळं उत्तर मागवा, याला शॉर्टकट नाहीये.

दोन्ही बाजूंच्या बफरमध्ये काय साचलंय हे बघायला एसएस कमांड आहे, आणि माझ्या मते कोड उघडायच्या आधी, सिस्कटीएलला, म्हणजे कर्नलच्या सेटिंगला, हात लावायच्या तर खूपच आधी, हीच चालवावी. चालू कनेक्शनमध्ये रिसीव्ह-क्यूचा आकडा वाढत चाललाय म्हणजे डेटा कर्नलपर्यंत आलाय पण आपलं ॲप तो उचलत नाहीये, मग नेटवर्कवाल्याला फोन करू नका, आपला थ्रेड कुठे अडकलाय ते बघा. सेंड-क्यू फुगलाय म्हणजे आपण दिलेल्या डेटाची पोच अजून आलेली नाही, तेव्हा रस्त्यात पॅकेट गळतायत किंवा समोरचं ॲप वाचत नाहीये. अर्धी भांडणं या दोन आकड्यांवर मिटतात.

यातलाच एक खोडसाळ प्रकार क्लोजचा. तुम्ही शेवटचा रिस्पॉन्स पाठवला आणि लगेच क्लोज केलं, पण तुमच्या रिसीव्ह बफरमध्ये न वाचलेले चार बाइट राहिले होते, अशा वेळी लिनक्स सरळ रिसेट पाठवतो आणि समोरच्याला तो शेवटचा रिस्पॉन्स न मिळताच ‘कनेक्शन रिसेट बाय पिअर’ दिसू शकतं. आपल्या लॉगमध्ये सगळं हिरवंगार. उपाय असा की आधी शटडाउनने फक्त लिहिण्याची बाजू बंद करा, मग समोरून शून्य येईपर्यंत, म्हणजे त्यानेही बंद करेपर्यंत, वाचत राहा, मग क्लोज.

एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह नव्हे

टीसीपीला मेसेज नावाची गोष्ट माहीतच नाही, त्याच्यासाठी ती बाइटची सलग धार असते. तुम्ही 3 वेळा सेंड केलं तर समोर एकदाच सगळं येईल, नाहीतर दीड मेसेज येईल आणि उरलेला दीड नंतर. स्वतःच्या लॅपटॉपवर लोकलहोस्टला टेस्ट करताना हे बहुतेक दिसतच नाही आणि मग प्रॉडक्शनला गेल्यावर जेसन पार्सर मधेच बोंबलतो. मेसेजच्या आधी त्याची लांबी पाठवा किंवा शेवटाची खूण ठरवा, आणि पूर्ण होईपर्यंत लूपमध्ये वाचा. लिहितानाही तेच, सेंडने कमी बाइट घेतले तर उरलेले परत द्यायची जबाबदारी आपली.

रिसीव्हने शून्य दिलं तर समोरच्याने त्याची बाजू बंद केलीय, आणि नॉनब्लॉकिंग सॉकेटवर उणे एक देऊन ‘ईअगेन’ दिलं तर आत्ता काही नाही, नंतर ये. या दोन्हीची गल्लत केली की एकतर चालू कनेक्शन तोडलं जातं, नाहीतर मेलेल्या कनेक्शनवर लूप फिरत राहतो आणि सीपीयू 100 टक्के. ईपोल (अनेक सॉकेटवर एकदम लक्ष ठेवायची लिनक्सची सोय) एज-ट्रिगर मोडमध्ये, म्हणजे नवीन डेटा आला तेव्हाच कळवणाऱ्या मोडमध्ये, वापरत असाल तर ईअगेन येईपर्यंत वाचणं सक्तीचंच समजा, मधे थांबलात तर बफरमध्ये उरलेल्या डेटासाठी कर्नल पुन्हा हाक मारेलच असं नाही. यूडीपीचं, म्हणजे पोच न मागता सुटे मेसेज पाठवणाऱ्या पद्धतीचं, उलट आहे, तिथे मेसेजची सीमा पाळली जाते पण तुमचा बफर छोटा पडला तर उरलेला भाग कर्नल फेकून देतो, आणि तुम्ही तपासलं नाही तर कळतही नाही.

गर्दीच्या वेळी बरोबर 1 किंवा 3 सेकंद उशीर होतोय?

हा आकडा दिसला की मला आधी ॲक्सेप्ट क्यूचा संशय येतो. तयार कनेक्शन ज्या क्यूमध्ये थांबतात तिची लांबी तुम्ही लिसनला दिलेल्या बॅकलॉगवर ठरते, पण वरची मर्यादा सोमॅक्सकॉन नावाच्या सेटिंगची. ही पूर्वी 128 होती, 2019 मधल्या लिनक्स 5.4 पासून 4096 झाली. तुम्ही कोडमध्ये 10000 लिहा, जुन्या कर्नलवर गुपचूप 128 च मिळणार, एरर नाही, वॉर्निंग नाही. रेडिस डेटाबेस निदान सुरू होताना लॉगमध्ये ओरडून तरी सांगतं, बाकीचे बहुतेक गप्प असतात. क्यू भरली की कर्नल नवीन सिन पॅकेट, म्हणजे हँडशेकचं पहिलं पॅकेट, टाकून देतो, क्लायंट 1 सेकंदाने परत पाठवतो, मग आणखी 2 सेकंदांनी, मग 4, म्हणून तो उशीर 1, 3, 7 असा ठरावीक दिसायचा (2023 मधल्या लिनक्स 6.5 पासून लिनक्स क्लायंट पहिले काही प्रयत्न दर सेकंदाला करतो).

एसएसला लिसनिंग सॉकेट दाखवायला सांगा. इथे त्याच दोन रकान्यांचा अर्थ बदलतो हे लक्षात ठेवा, रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता किती कनेक्शन ॲक्सेप्टची वाट बघतायत आणि सेंड-क्यू म्हणजे मर्यादा किती. सोबत नेटस्टॅट कमांडच्या आकडेवारीत लिसन ओव्हरफ्लो वाढतंय का बघा. मर्यादा वाढवून थोडा श्वास मिळतो, पण ॲपच ॲक्सेप्ट करायला उशीर लावत असेल तर मोठी क्यूसुद्धा भरतेच.

टाइम-वेट बघून घाबरणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्यावरचे इलाज तिच्यापेक्षा जास्त नुकसान करतात. जो आधी कनेक्शन बंद करतो त्याच्याकडे ते काही काळ टाइम-वेटमध्ये राहतं, कारण जुन्या कनेक्शनचं एखादं उशिरा आलेलं पॅकेट त्याच पोर्टवरच्या नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, आणि शेवटची पोच हरवली तर ती परत देता यावी. लिनक्समध्ये हा काळ 60 सेकंद आहे आणि तो कर्नलच्या कोडमध्येच पक्का केलेला आहे. टीसीपी-फिन-टाइमआउट कमी केलं की टाइम-वेट कमी होतं असं शेकडो ठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते चूक आहे, ते सेटिंग फिन-वेट-2 या वेगळ्या अवस्थेचं आहे.

त्याहून वाईट सल्ला होता टीडब्ल्यू-रिसायकल (टीडब्ल्यू म्हणजे टाइम-वेट) चालू करा. त्यात कर्नल प्रत्येक आयपीचा शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवायचा आणि त्यापेक्षा जुना टाइमस्टॅम्प घेऊन आलेलं सिन टाकून द्यायचा. आता एका नॅटमागे, म्हणजे अनेकांना एकच आयपी वाटून देणाऱ्या राउटरमागे, पन्नास मोबाइल असतील तर बाहेरून आयपी एकच पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, मग काही लोकांना साइट उघडते आणि काहींना नाही, तीही कधी उघडते कधी नाही, आणि ऑफिसमधून टेस्ट केलं तर सगळं व्यवस्थित. आपल्याकडे मोबाइल डेटावर टेलिकॉम कंपनीच्याच नॅटमागून येणारी गिऱ्हाइकं किती असतात ते वेगळं सांगायला नको. शेवटी 2017 मध्ये लिनक्स 4.12 ला हे सेटिंग काढूनच टाकलं, तरी जुने सर्व्हर आणि जुन्या स्क्रिप्ट अजून सापडतात, तेव्हा एकदा शोधून बघा.

टाइम-वेटचा खरा त्रास होतो तो बाहेर कनेक्शन करणाऱ्याला. लिनक्सची बाहेर जायच्या पोर्टची डिफॉल्ट रेंज 32768 ते 60999, म्हणजे 28232 पोर्ट. एकाच डेटाबेसच्या एकाच पोर्टला दर वेळी नवीन कनेक्शन करून तुम्हीच बंद करत असाल तर 60 सेकंदांच्या हिशोबाने सेकंदाला साधारण 470 च्या वर गेलात की ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ यायला लागतं. इथे कनेक्शन पूल वापरा, तोच धडाचा उपाय. टाइम-वेटमधला पोर्ट पुन्हा वापरू देणारं टीडब्ल्यू-रीयूजही आहे, पण ते फक्त बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला लागू होतं. आणि सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येत असेल तर बाइंडच्या आधी रीयूज-ॲड्रेस ऑप्शन लावा, 60 सेकंद वाट बघत बसायची गरज नाही.

क्लोज-वेटचं मात्र उलट. टाइम-वेट हजारो असले तरी बऱ्याचदा निरोगी असतात, क्लोज-वेट वाढत चालले की बग तुमच्याच कोडमध्ये आहे. समोरच्याने बंद केलं, कर्नलने तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही क्लोज कॉल केलाच नाही. याला कुठलंही कर्नल सेटिंग नाही, कर्नल अनंतकाळ थांबतो, मग एक दिवस फाइल डिस्क्रिप्टरची (एका प्रोसेसने उघडलेल्या फाइल आणि सॉकेटची) मर्यादा संपते, जी बऱ्याच ठिकाणी डिफॉल्टला 1024 असते, आणि ‘टू मेनी ओपन फाइल्स’. बहुतेक वेळा एक्सेप्शनच्या रस्त्याला क्लोज विसरलेलं असतं.

छोट्या मेसेजला 40 मिलीसेकंद

जॉन नेगलने 1984 मध्ये आरएफसी 896 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात सुचवलेली युक्ती अशी की आधीच्या डेटाची पोच येईपर्यंत छोटं पॅकेट रोखून धरा, म्हणजे एकेक बाइटची पॅकेट नेटवर्क भरून टाकणार नाहीत. दुसरीकडे घेणारा कर्नल पोच लगेच न देता थोडा थांबतो, उत्तरासोबतच देऊ म्हणून, लिनक्समध्ये हे साधारण 40 मिलीसेकंद. तुम्ही हेडर एका राइटमध्ये आणि बॉडी दुसऱ्या राइटमध्ये पाठवलं की बॉडी इकडे पोचची वाट बघते आणि पोच तिकडे उत्तराची. हे रोखून धरणं बंद करायला टीसीपी-नोडिले लावा, पण त्याआधी दोन्ही तुकडे एकाच राइटमध्ये द्यायची सवय लावा, नाहीतर फक्त छोट्या पॅकेटांची संख्या वाढेल.

बफर स्वतः सेट करून स्पीड घालवणं

रिसीव्ह बफर हाताने सेट केला की त्या सॉकेटचं ऑटोट्यूनिंग बंद होतं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. कोणीतरी कधीकाळी 64 केबी लिहून ठेवलेलं असतं. आता मुंबईहून अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन यायला 200 मिलीसेकंद धरा, एका फेरीत 64 केबीच जाणार, म्हणजे सेकंदाला 320 केबी, साधारण 2.6 एमबीपीएस, मग लाइन 1 जीबीपीएसची असली तरी. ती ओळ काढून टाका आणि टीसीपी-आरमेम या रिसीव्ह बफरच्या सेटिंगची वरची मर्यादा बघा, बाकी कर्नलवर सोडा. हाताने सेट केलेला बफर परत वाचून बघितल्यावर आकडा दुप्पट दिसला तर दचकू नका, स्वतःच्या हिशोबासाठी कर्नल तो दुप्पटच करतो.

टीसीपीडंप या पॅकेट पकडून दाखवणाऱ्या कमांडबद्दलही एक. पाठवणाऱ्या मशीनवर कॅप्चर केलं की ‘चेकसम इनकरेक्ट’ दिसतं आणि लोक केबल बदलायला धावतात. चेकसम (डेटा बिघडलाय का ते तपासायचा आकडा) पुढे नेटवर्क कार्ड भरतं, कॅप्चर त्याच्या आधी होतं, एवढंच. तसंच एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, 1500 असताना 20-30 हजार बाइटचं पॅकेट दिसलं तर तेही तुकडे करायचं काम कार्डावर टाकल्यामुळे. शंका असेल तर समोरच्या बाजूला कॅप्चर करा, चेकसम तिथे खरा दिसतो, पण मोठी पॅकेट तिथेही दिसतील कारण येताना कर्नल जोडून घेतो. आणि पोर्ट 8080 बाइंड केला पण एसएसमध्ये 36895 दिसतोय असं झालं तर तुम्ही बाइट ऑर्डर, म्हणजे आकड्यातल्या बाइटचा क्रम, नेटवर्कसाठी बदलायला विसरलात.

पॅकेट मशीनपर्यंत येतं आणि ॲपपर्यंत येत नाही तेव्हा गळती कुठल्या मजल्यावर आहे ते खालून वर शोधा. कार्डाच्या रिंगमध्ये जागा संपली तर ते ईथटूलच्या आकडेवारीत दिसेल, कर्नलच्या आतल्या क्यूमध्ये गळलं तर सॉफ्टनेट-स्टॅटच्या दुसऱ्या रकान्यात, यूडीपी सॉकेटचा बफर भरला तर नेटस्टॅटमध्ये रिसीव्ह बफर एरर, आणि फायरवॉलचा कनेक्शन टेबल भरला तर डीमेसेजमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं. टॉपमध्ये एकाच कोअरचा एसआय (सॉफ्ट इंटरप्टवर गेलेला वेळ) 100 ला चिकटलाय आणि बाकीचे कोअर रिकामे, तर सगळे इंटरप्ट एकाच सीपीयूवर पडतायत.

समोरचं मशीन अचानक बंद पडलं तर कर्नल लगेच सांगेल अशीही आशा ठेवू नका. काही पाठवतच नसाल तर त्याला कळायचं कारणच नाही, कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का ही अधूनमधून चौकशी, डिफॉल्टला बंद असतं, चालू केलं तरी पहिली चौकशी 7200 सेकंदांनी, म्हणजे 2 तासांनी. पाठवत असाल तर लिनक्स परत परत प्रयत्न करून साधारण 15 मिनिटांनी हार मानतो. ॲपमध्ये टाइमआउट ठेवा आणि पोच न आल्यास किती वेळाने हार मानायची ते ठरवणारा टीसीपी-यूजर-टाइमआउट हा ऑप्शन वापरा.

व्हीपीएनवर लॉगिन होतं, छोटं पान उघडतं, आणि मोठी फाइल किंवा एसएसएचमध्ये लांब लिस्ट आली की सगळं गोठतं, हा ॲपचा दोष समजून लोक दिवस घालवतात. तो एमटीयूचा प्रॉब्लेम असतो, रस्त्यातल्या राउटरने ‘पॅकेट मोठं आहे’ असा आयसीएमपी मेसेज (नेटवर्कच्या चौकशी-तक्रारींचा निरोप) पाठवलेला असतो आणि कोणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली सगळं आयसीएमपी फायरवॉलवर अडवलेलं असतं, त्यामुळे कर्नलला पॅकेट छोटं करायचंय हे कळतच नाही. तुकडे न करण्याचा ऑप्शन लावून 1472 बाइटचा पिंग मारा, 28 बाइट हेडरचे धरून 1500 होतात, आणि तो जात नसेल तर आकडा कमी करत करत कुठे जातो ते बघा. आयसीएमपी उघडायला कोणी तयार नसेल तर टीसीपी-एमटीयू-प्रोबिंग 1 करा, मग पॅकेट गायब होतायत असं दिसल्यावर कर्नल स्वतःच छोटी पाठवून बघतो.