सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीचं मॉडेल करताय? आधी मल्टीमीटर घ्या

बीईच्या प्रोजेक्टला सेल्फ-ड्रायव्हिंग गाडी घेतली असेल तर रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर बोर्ड, पुढे नुसता 'पाय'), कॅमेरा, ओपनसीव्ही (चित्रं तपासणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) ही यादी तुमच्याकडे असणारच. लेन कशी ओळखायची याचे व्हिडिओही बघून झाले असतील, त्यामुळे ते सोडतो. आमचा ग्रुप अडकला ते लेनमुळे नव्हेच.

टेबलावर गाडी गुणी बाळ होती. चाकं हवेत, पायला अ‍ॅडॉप्टर लावलेला, कॅमेऱ्यासमोर पट्टी तिरकी धरली की चाकं बरोबर वळायची. ट्रॅकवर ठेवली की सरळ रस्त्यावर ठीक आणि वळण आलं की थेट भिंतीकडे. मग रंग ओळखायच्या एचएसव्ही रेंज बदला, किती वळायचं ते ठरवणाऱ्या पीआयडीचे आकडे फिरवा, हेच रात्ररात्र चाललं. गडबड बॅटरीच्या जोडणीत होती.

हे सावकाश वाचा. मोटर चालवणाऱ्या एल२९८एन ड्रायव्हरच्या बोर्डवर ५ व्होल्टची पिन असते आणि कित्येक व्हिडिओंत पायला तिथूनच सप्लाय देतात. त्या पिनमागचा रेग्युलेटर जेमतेम अर्धा अँपिअर देतो. पाय ४चा अधिकृत अ‍ॅडॉप्टर आहे ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा. सरळ जाताना कसंबसं निभतं. वळणावर एका बाजूची मोटर थांबून पुन्हा सुटते आणि सुटताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. व्होल्टेज बसतं. ४.६३च्या आसपास खाली गेलं तरी पाय लगेच बंद पडत नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे! तो गुपचूप स्वतःचा वेग कमी करतो. फ्रेम रेंगाळतात, 'डावीकडे वळ' हा हुकूम वळण संपल्यावर येतो. कोडमध्ये एरर एकही नाही.

स्क्रीन जोडलेली असती तर कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसलं असतं. ट्रॅकवर स्क्रीन कोण जोडतो? म्हणून गाडी पळवून झाल्यावर, बंद न करता, लॅपटॉपवरून एसएसएचने पायमध्ये लॉगिन करून 'vcgencmd get_throttled' ही कमांड चालवा. उत्तरात ०एक्स० (0x0) आलं तर मी सांगितलेलं सगळं विसरा. ०एक्स५०००० (0x50000) आलं तर मध्ये कधीतरी व्होल्टेज पडून गेलंय, कोडला हात लावू नका.

उपाय असा: पायला ३ अँपिअर खरोखर देणारी वेगळी पॉवर बँक, मोटरना वेगळे सेल, आणि दोन्हींचं ग्राउंड मात्र एकत्र. ते जोडायचं राहिलं तर चाकं नुसती झटके देतात. मोटरसाठीच्या १८६५० लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर घेऊ नका, या आकाराच्या सेलमध्ये एवढं मावतच नाही.

आमच्या दुखण्यावर बोट ठेवलं ते लॅब असिस्टंट काकांनी. "मोटर फिरताना मोजलंत का रे?" एवढंच विचारलं त्यांनी. गाइडनी तोवर रिपोर्टची मार्जिन तपासली होती. सगळे गाइड असे नसतात, पण मल्टीमीटर हातात घेणारा माणूस आधी शोधा. आणि तयार प्रोजेक्ट विकत घेणार असाल तर खुशाल घ्या, एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) एक वायर काढून "आता काय होईल?" विचारलं की तुमचं तुम्ही बघा.

न्यूरल नेटवर्कची, म्हणजे डेटावरून गाडीला चालवायला शिकवण्याची, घाई नको. एनव्हिडियाचा २०१६चा पेपर वाचाच. त्यात बाजूच्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं मुद्दाम वापरलीत, गाडी लेनच्या मधून सरकली तर परत कसं यायचं हे नेटवर्कला कळावं म्हणून. तुम्ही फक्त मधोमध नीट चालवून डेटा घेतलात तर तुमच्या गाडीला ते कुणी शिकवलंच नाही, असं होईल. आधी साधी लेन पाळू द्या.

डेमोत गाडी ट्रॅकबाहेर गेली तरी घाबरू नका, बहुतेकांची जाते. का गेली ते सांगता आलं तर मार्क मिळतात, आम्हाला मिळाले. आदल्या दिवशी चांगला पळालेला व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा, सेल रात्रीच चार्ज करा, आणि हॉलमधल्या फरशीवर ट्यूबलाइट चमकते का ते सकाळी लवकर जाऊन बघा. चमकत असेल तर काळा चार्ट पेपर अंथरून त्यावर पांढरी टेप लावा.