वेबलीचं जुनं एअर पिस्तूल ओळखताना या चुका टाळा

माझं पहिलं वेबली ज्युनियर, म्हणजे वेबली या इंग्लिश बंदूक-कंपनीचं हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं पिस्तूल, मी स्वतःच्या हातांनी बिघडवलं. इंग्लंडमधल्या एका जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळालं होतं. मुठीच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्रा, त्यावर दाबून उठवलेली नक्षी. मला वाटलं, मूळ मूठ फुटल्यावर कुणीतरी डब्याचा पत्रा लावून वेळ मारून नेली असणार. पत्रे फेकले आणि अक्रोडाच्या देखण्या प्लेटा बसवल्या. नंतर कळलं, १९२९ मध्ये आलेल्या या स्वस्त मॉडेलला सुरुवातीला कारखान्यातूनच पत्र्याची मूठ यायची. म्हणजे जे फेकलं, तेच दुर्मीळ होतं. आता ओळख पटेपर्यंत मी पेचकस हातात घेत नाही.

दुसरी चूक जवळपास सगळेच करतात. पिस्तूल हातात आलं की आधी नंबर शोधायचा आणि त्यावरून साल काढायचं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पिस्तुलांवर सिरियल नंबर असायचा, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण युद्धानंतरच्या पिस्तुलांवरचा आकडा बहुधा बॅचचा असतो, त्यामुळे एकच नंबर अनेकांवर सापडतो. छोटा आकडा दिसला म्हणून ‘अगदी सुरुवातीचं आहे’ असं सांगणाऱ्याला जादा पैसे देऊ नका.

मुठीच्या कोनावरूनही असेच निकाल लावले जातात. सरळ मूठ म्हणजे युद्धाआधीची, तिरकी म्हणजे नंतरची, असं छातीठोकपणे सांगतात. यातलं पहिलं बरंचसं बरोबर, दुसरं नाही. तिरकी मूठ १९३० च्या दशकातच आली होती. अशा वेळी पिस्तुलाचा मूळ खोका हाताशी असेल तर त्यावरचा पत्ता वाचा. कारखाना आधी वीमन स्ट्रीट, बर्मिंगहॅम ४ इथे होता आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस हँड्सवर्थला, बर्मिंगहॅम २१ मध्ये गेला. अर्थात खोकेही बदलतात! पत्त्यावरून खोक्याचं वय कळतं, आतल्या मालाचं नाही.

खरी मेख इथेच आहे. प्रत्येक खूण फक्त ज्या भागावर आहे त्या भागाबद्दल बोलते. मार्क वन हे मॉडेल १९२४ मध्ये आलं, तेव्हापासून .१७७ आणि .२२ इंच कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) नळ्या अदलाबदल करता यायच्या. म्हणून नळीवरचा आकडा बघून पूर्ण पिस्तुलाची ओळख ठरवू नका. नळी धरून ठेवणारी कडी बघा. सुरुवातीच्या मार्क वनला स्प्रिंगची क्लिप होती, १९३० मध्ये आलेल्या सीनियर मॉडेलला रिकिबीच्या आकाराची कडी. १९६४ नंतरच्या प्रीमियर मॉडेलच्या फ्रेमवर (पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यावर) ए ते एफ यांपैकी एक अक्षर असतं. ते दर्जाचं किंवा कॅलिबरचं नाही, मॉडेलमध्ये टप्प्याटप्प्याने झालेल्या बदलांचं आहे. कडी एका काळातली आणि फ्रेम दुसऱ्या काळातली निघाली, तर समोर खिचडी आहे असं समजा आणि भावही खिचडीचाच करा.

‘अगदी कोरं’ पिस्तूल दिसलं की भिंग काढा. पॉलिशच्या चाकावर घासलेल्या पिस्तुलाची अक्षरं उथळ होतात, त्यांच्या कडा गोलसर होतात आणि स्क्रूच्या भोकांची तोंडं बशीसारखी पसरतात. वरचं ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) कितीही गडद असलं तरी ही बशी लपत नाही. निकेलचा मुलामा तर जास्तच संशयाने तपासा. कारखान्यातूनही निकेलवाली पिस्तुलं निघायची, म्हणून नकली निकेलला गिऱ्हाईक पटकन मिळतं. अक्षरांत निकेल साचून ती बुजल्यासारखी वाटली तर मी सरळ पिस्तूल खाली ठेवतो.

शेवटी मार, म्हणजे छर्र्याचा जोर, कमी झालेल्या पिस्तुलाबद्दल. छर्रा जेमतेम पुठ्ठ्यात शिरतोय म्हणून ते ‘कमी ताकदीचं व्हेरियंट’ ठरत नाही. वेबलीत नळी वर-पुढे फिरवली की पिस्टन पुढे ओढला जातो आणि झाडताना मागे येतो. सीनियरच्या पिस्टनवर धातूची रिंग असते, सुरुवातीच्या ज्युनियरवर चामड्याचं वॉशर. चामडं वाळलं की हवा गळते. एक-दोन थेंब योग्य तेल टाकून रात्रभर ठेवा. भसाभस तेल ओतलं तर ते आत पेट घेतं, मोठा आवाज होतो आणि सील जातं. छर्रा न भरता झाडून बघू नका. पुढचं बूच खोलायचं असेल तर त्यामागे दाबलेली स्प्रिंग आहे हे लक्षात ठेवा, स्वतःचं तोंड त्याच्यासमोर धरू नका.