रिजिड फोर्क सॉफ्टवेअरमध्ये काढताय? या चुका टाळा

रिजिड एमटीबी फोर्क (माउंटन बाईकचा सस्पेन्शन नसलेला पुढचा चिमटा) म्हणजे दोन पाय आणि एक स्टीअरर (हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी), त्यात काय चुकणार, असं म्हणणाऱ्यांच्याच फाईली सगळ्यात जास्त दुरुस्त कराव्या लागतात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ॲक्सल टू क्राऊन लांबी. ही ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून क्राऊनवर (दोन पाय वर जुळतात तो भाग) क्राऊन रेस, म्हणजे खालच्या बेअरिंगची कडी, बसते त्या जागेपर्यंत मोजतात, क्राऊनच्या खालच्या बाजूपर्यंत, म्हणजे टायरच्या डोक्यावर जी दिसते तिथपर्यंत, नाही! ओळखीतल्या एकाने हातातला फोर्क टेपने असाच खालपर्यंत मोजला, 462 मिमी आला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला, 69 डिग्री हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) धरून फ्रेम काढली आणि वेल्ड पण करून मोकळा झाला. फोर्क खरा होता 490 चा. मग काय, पुढचं टोक उचललं गेलं, अँगल दीडेक डिग्रीने पडला, बीबी (पेडलच्या क्रँकचं बेअरिंग) सेंटिमीटरभर वर, ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) साधारण 10 मिमी वाढला, आणि चढावर हँडल भरकटतंय म्हणून साहेब स्टेम बदलत बसले. शेवटी आखूड फोर्क घ्यावा लागला. मी रेस काढून, ड्रॉपआऊटमध्ये (पायाच्या टोकाची खाच) ॲक्सल घालूनच मोजतो, आणि तो आकडा फोर्कवरच मार्करने लिहितो. ब्रोशरमधला आकडा नुसता ताडून बघायला.

अजून एक, काही ठिकाणी ही लांबी सरळ रेषेत मागतात, काही ठिकाणी स्टीअरिंग ॲक्सिसला (फोर्क ज्या रेषेभोवती वळतो तिला) समांतर. 490 लांबी आणि 45 ऑफसेटला (त्या रेषेपासून ॲक्सलचं पुढचं अंतर) फरक जेमतेम 2 मिमी, त्यासाठी जीव काढू नका, पण कुठला आकडा टाकलाय ते माहीत हवं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. सस्पेन्शन फोर्कची पूर्ण लांबी तशीच उचलून रिजिडला टाकायची. अरे, 120 मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, फोर्क तुम्ही बसलात की 20-25 टक्के सॅगने (नुसत्या वजनाने दबून) 24-30 मिमी खाली जातो, रिजिड जात नाही! तेवढं वजा करा. आणि नुसता फोर्क बदलून ‘बघा, अँगल तोच राहिला’ म्हणून खूश होऊ नका. हेड अँगल तुम्हीच इनपुट दिलाय, तो राहणारच, सॉफ्टवेअरने गुपचूप फ्रेम बदललीय. तयार फ्रेमवर फोर्क बदलत असाल तर आधी हेड ट्यूब, डाऊन ट्यूबची मापं कागदावर लिहून घ्या, बदलानंतर ती हलली का बघा. 29 इंची बाईकला फोर्कच्या लांबीत 20 मिमीला साधारण 1 डिग्री, एवढं तोंडपाठ असलं तरी गफलत लगेच कळते. पण लोकांना आधी रंग आणि डिकल लावायची घाई.

खालचा हेडसेट कप (हेड ट्यूबखालच्या बेअरिंगची वाटी) विसरू नका, बाहेरचा कप 10-12 मिमी सहज खातो.

पाय वाकवले की हँडलिंग मऊ होतं वगैरे काही नसतं, लांबी आणि ऑफसेट तेच असेल तर स्टीअरिंग तेच.

बूस्ट हब (चाकाचा रुंद हब) 110 मिमीचा आहे, डिस्क 5 मिमी बाहेर जाते, 100 चं टेम्प्लेट नुसतं ताणू नका, ब्रेक कॅलिपरची जागा परत बघा.

आणि टायरवर 2.4 (इंच) लिहिलंय म्हणून 61 मिमी धरू नका, रुंद रिमवर हवा भरून व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि तोच आकडा टाका, वर चिखलासाठी जागा वेगळी.