10 मेगाहर्ट्झवर डॉप्लर मोजताना: मॉस्को आणि चीन एकाच खिडकीत

सूर्य उगवताना आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) रेडिओ लहरी परतवणारा थर खाली येतो, लहरींची वाट आखूडते आणि वारंवारता किंचित वर सरकते; हाच डॉप्लर. मावळतीला उलट. 10 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 30 मीटर, म्हणजे वाट सेकंदाला 30 मीटरने आखूडली तर 1 हर्ट्झची वाढ. पण 1 पीपीएमचा (दशलक्षात एक भाग चुकणारा) टीसीएक्सओ, म्हणजे रिसीव्हरची वारंवारता ठरवणारा स्फटिक, तेवढ्यावरच 10 हर्ट्झ चुकू शकतो. मग सरकलं काय, आभाळ की आपला रिसीव्हर? यासाठी अचूक वेळ आणि वारंवारता प्रसारित करणारी दोन स्टेशनं धरायची: मॉस्कोचं आरडब्ल्यूएम (9.996 मेगाहर्ट्झ) आणि चीनचं बीपीएम (10.000).

वावरात दोन बांबूंमध्ये डायपोल अँटेना ताणा, तांब्याच्या तारेचे 7.1 मीटरचे दोन तुकडे. आरटीएल-एसडीआर व्ही3 (लॅपटॉपला लावायचा डोंगल रिसीव्हर) त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंगच्या क्यू-ब्रँचवर ठेवा. डायल 9.995, मोड यूएसबी (अप्पर साइडबँड), फिल्टर 6 किलोहर्ट्झ. मॉस्को 1000 हर्ट्झवर दिसेल, चीन 5000 वर. आवाज व्हर्च्युअल ऑडिओ केबलने (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर) स्पेक्ट्रम लॅब या वारंवारता मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये न्या. सॅम्पलिंग सेकंदाला 12,000 आणि एफएफटी (आवाजाची वारंवारतांत फोड करणारं गणित) 1,31,072 नमुन्यांचं ठेवलं की वारंवारतेचं एक घर 0.09 हर्ट्झचं पडतं. प्रत्येक मोजणीला 11 सेकंद लागतात, ते चालतं.

स्टेशनचे सेकंदाचे ठोके चालू असताना मोजू नका. मुख्य रेषेच्या आजूबाजूला 1-1 हर्ट्झवर खोट्या रेषा उमटतात. मॉस्को नुसती कॅरिअर (ठोक्यांविना अखंड लहर) तासाच्या 0 ते 8 आणि 30 ते 38 व्या मिनिटाला देतं, चीन 10 ते 15 आणि 40 ते 45 ला. वेळापत्रक दर अर्ध्या तासाने फिरतं, त्यामुळे आपल्या साडेपाच तासांच्या फरकाने काही बिघडत नाही.

डोंगल थर्मोकोलच्या डब्यात ठेवा आणि तासभर आधी चालू करा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलंत तर दुपारभर तापमानच मोजत बसाल.

दुसरा त्रास झटका मशीनचा. रोही-रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाची टकटक हुबेहूब सेकंदाच्या ठोक्यासारखी वाटते. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. 60 भरले नाहीत तर ते कुंपणच. तारेला टेकलेलं ओलं गवत कापा, तिथेच ठिणगी पडते. डायपोल कुंपणाला समांतर नको. लॅपटॉपचा चार्जरही काढा.

वाचताना दोन्ही आकडे लागोपाठ लिहा. दोन्ही सारखेच सरकले तर बहुधा दोष रिसीव्हरचा. पहाटे आधी चीनचा आकडा वर जाऊन परतला आणि मॉस्कोचा मागाहून हलला, तर ते आभाळ: पूर्वेकडच्या वाटेवर ऊन आधी पोचतं.