डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी रस्ता न खचवता खाली कसे उतरवावे

वाडीवर जाणारा रस्ता दरवर्षी एकाच वळणावर तुटत असेल, तर दोष बहुधा डांबराचा नसतो. वरून येणाऱ्या पाण्याची जुनी वाट कोणीतरी बुजवलेली असते, किंवा चार ठिकाणचे पाणी गोळा करून ते एकाच मोरीतून, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या पाइपातून, उघड्या मातीवर सोडलेले असते. 22 ते 23 जुलै 2021 या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पोलादपूरहून वर चढणारा आंबेनळी घाटाचा रस्ता अनेक ठिकाणी तुटला. तशा पावसापुढे कोणतीही व्यवस्था अपुरी पडेल हे मान्य केले, तरी कोकणातील आणि सह्याद्रीच्या उतारावरील कितीतरी गावरस्ते त्याहून पुष्कळ कमी पावसातही वाहून जातात, आणि ते नुकसान मात्र टाळता येण्याजोगे असते. पुढील कामे त्यासाठी आहेत. ती वरून खाली, याच क्रमाने करावीत. खालची भिंत आधी आणि वरचे पाणी नंतर, असा उलटा क्रम लावला की भिंतही जाते.

पहिले काम: भर पावसात पाहणी

पाहणी उन्हाळ्यात करून उपयोग नाही. जुलैमध्ये चांगली सर चालू असताना दोघा-तिघांनी मिळून, रस्ता जिथे खचला आहे तिथून पाण्याच्या उलट दिशेने वर चालत जावे आणि प्रत्येक धार कुठून येते ते कागदावर उतरवावे. घरांच्या पागोळ्या, सिमेंट केलेली अंगणे, पाण्याच्या टाकीचा ओसंडा, शोषखड्डे आणि जेसीबीने डोंगर कापून पाडलेले नवे प्लॉट यांची वेगळी नोंद करावी. पाण्याचा रंगही पाहावा, कारण स्वच्छ धार आणि लाल गढूळ धार एकत्र आल्या, तर झीज कोणत्या बाजूला चालू आहे हे तिथल्या तिथे कळते. गावनकाशावर ओढे दाखवलेले असतात. त्यावरचा ओढा आज जागेवर सापडत नसेल, तर तो कोणाच्या भरावाखाली गेला हे वाडीतल्या जाणत्या माणसांना विचारावे.

दुसरे काम: पाण्याचा अंदाज

हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर ताशी 100 मिलिमीटर वेगाने पाऊस पडला, तर तासाला दहा हजार लिटर पाणी खाली येते. एक हेक्टर उतारावर त्याच पावसाचे साठ टक्के पाणी वाहून येते असे धरले, तर मोरीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे 165 लिटर पाणी पोहोचते. 300 मिलिमीटर व्यासाच्या पाइपात ते मावत नाही. शिवाय असा पाइप एका फांदीने आणि ओंजळभर पाचोळ्याने तुंबतो आणि आत हात घालून साफही करता येत नाही. एक-दीड हेक्टरच्या पाण्यासाठी 600 मिलिमीटरचा पाइप किमान समजावा, आणि क्षेत्र त्याहून मोठे असेल तर अभियंत्याकडून मोजमाप करून घ्यावे. पाइपाच्या किमतीत केलेली बचत पुढे दरवर्षी भरावाच्या मातीत फेडावी लागते.

तिसरे काम: रस्त्याच्या वरचा चर

रस्त्यासाठी डोंगर जिथे उभा कापला आहे, त्या कापाच्या माथ्यापासून काही मीटर मागे एक आडवा चर काढून वरचे पाणी बाजूच्या पऱ्यात, म्हणजे नैसर्गिक ओहोळात, वळवावे. या चराला हलका, सलग उतार हवा आणि तळ दगडी किंवा सिमेंटचा हवा. इथे एक गल्लत वारंवार होते. पाणलोटाच्या कामात पाणी जिरवण्यासाठी समतल चर खणतात. ते काम माळरानावर आणि सौम्य उतारावर उत्तम आहे. परंतु तीव्र उतारावर, वस्तीच्या किंवा रस्त्याच्या डोक्यावर, जिथे सुट्या मातीखाली चिकणमातीचा किंवा अभेद्य कातळाचा थर आहे, तिथे पाणी मुद्दाम जिरवणे धोक्याचे असते, कारण जिरलेले पाणी त्या थरावर अडते, वरची माती जड होते, तिची पकड सुटते आणि उतारच घसरतो. जिरवण्याच्या उत्साहात हा फरक विसरला जातो. अशा ठिकाणी पाणी अडवू नये, लवकर बाहेर काढावे. आणि चराला भेग पडली असेल तर ती पावसाळ्यापूर्वी बुजवावी, नाहीतर तोच चर पाणी डोंगराच्या पोटात घालू लागतो.

घरांच्या पातळीवर करायचे काम थोडे आहे: पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी पाइपाने पऱ्यापर्यंत न्यावे, आणि शोषखड्डा कापाच्या कडेपासून शक्य तितका दूर ठेवावा.

चौथे काम: रस्त्याचे अंग

डोंगरातील रस्त्याला शक्यतो डोंगराच्या बाजूला ढाळ द्यावा, म्हणजे पाणी दरीकडच्या भरावावर न सांडता आतल्या गटारात जाते. ते गटार दरडीच्या मातीने भरले की पाणी रस्त्यावर येते, डांबराच्या कडेने साइडपट्टी खाते आणि मग डांबर खालून पोकळ होऊन तुटते. मातीच्या रस्त्यावर दगडांचे तिरके आडवे बांध घालून पाणी ठरावीक अंतराने बाजूला काढावे. रस्त्याचा चढ दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर हे अंतर सुमारे 25 मीटर ठेवावे आणि चढ वाढेल तसे ते कमी करावे. मोरीच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी एक खड्डा ठेवला, तर पाइप सहज भरत नाही.

पाचवे काम: मोरीचे खालचे तोंड

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होते. मोरी बांधली जाते, बिल निघते, आणि पाइपाचे टोक दरीकडे भरावाच्या मधोमध लोंबत राहते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते वाहून नेऊ शकणाऱ्या दगडाचे वजन ढोबळमानाने चौसष्ट पट होते. म्हणून पाइपातून वेगाने सुटलेली धार दोन-तीन पावसाळ्यांत घळ पाडते आणि ती घळ मागे सरकत रस्त्याखाली पोहोचते. धार जिथे पडते तिथे मोठ्या, टोकदार दगडांची फरसबंदी करावी, तिच्याखाली बारीक खडीचा थर द्यावा, आणि तिथून खऱ्या पऱ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचा पक्का नाला न्यावा. पायऱ्यांवर आपटत उतरताना पाण्याचा जोर मोडतो. वाटेत कोणाची बाग किंवा शेत येत असेल, तर त्याची लेखी संमती आधी घ्यावी. वाडीतली निम्मी कामे दगडासाठी अडत नाहीत, या संमतीसाठी अडतात.

घळ आधीच पडली असेल, तर तिच्यात अनगड दगडांचे छोटे बांध घालावेत. उंची एक मीटरच्या आत, मध्यभाग कडांपेक्षा खाली, आणि दोन्ही टोके काठात अर्धा मीटर रुतवलेली असावीत. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला पाहिजे. मध्यभाग उंच ठेवला तर पाणी बांधाला वळसा घालून काठ खाते, मग बांध नसलेला बरा.

उघड्या उतारावर पावसाळ्याच्या सुरुवातीला वाळ्याची रोपे आडव्या ओळींत दहा-पंधरा सेंटीमीटरवर लावावीत. त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि वरची माती धरतात; खोलवरची दरड मात्र ती थांबवू शकत नाहीत. संरक्षक भिंत बांधलीच, तर तिच्यात सुमारे दीड-दीड मीटरवर पाणी निचरण्याची भोके आणि मागे खडीची पट्टी असल्याशिवाय तिचे काम स्वीकारू नये.

देखभाल आणि दाद

पक्की कामे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उरकावीत, गटारे आणि मोऱ्या मृग लागण्यापूर्वी साफ कराव्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहाव्यात, कारण उन्हाळ्यात साठलेला सगळा पाचोळा त्याच दिवशी मोरीवर येतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तर राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. अर्जात "रस्ता दुरुस्त करावा" एवढेच लिहिले तर खड्ड्यांवर डांबर पडते. त्याऐवजी पावसातली छायाचित्रे, काढलेला नकाशा आणि हव्या असलेल्या मोरीची जागा जोडून ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज द्यावा.

उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे किंवा विजेचे खांब कलू लागले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा आटले, अथवा घराची दारे एकाएकी घट्ट बसू लागली, तर वरील एकही काम हाती घेऊ नये. माणसे आणि गुरे आधी त्या उताराखालून हलवावीत आणि तहसीलदारांना व जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 या क्रमांकावर कळवावे.